भात गेला, त्याच्याबरोबर वरणही गेले: वजन उतरवताना प्रथिने किती खावीत?

वजन कमी करायचे ठरले की मराठी घरातला पहिला निर्णय बहुधा ठरलेला असतो: भात बंद. निर्णय वावगा नाही; पण भाताबरोबर वरणही ताटातून जाते, कारण नुसते वरण वाटीने प्यायची आपल्याकडे फारशी रीत नाही. पुढे तीन पोळ्यांच्या दोन होतात, सकाळच्या पोह्यांच्या जागी पपई येते, रात्रीच्या पिठले-भाकरीची जागा सूप आणि काकडी-टोमॅटो घेतात, आणि महिन्याभरात काटा दोन-तीन किलो खाली आल्याचे समाधान मिळते. त्या दोन-तीन किलोंमध्ये चरबी किती आणि स्नायू किती, हे मात्र काटा सांगत नाही. अशा ताटावर घटलेल्या वजनात स्नायूंचा वाटा नको तेवढा असण्याची शक्यता मोठी असते, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे खाणे कमी करताना नेमकी प्रथिनेच सर्वांत जास्त कापली गेलेली असतात.

उत्तर आधीच सांगून टाकणे बरे. ज्याची मूत्रपिंडे ठणठणीत आहेत अशा प्रौढ माणसाने वजन उतरवताना दर किलोमागे रोज साधारण १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत. जो नेमाने वजने उचलण्याचा किंवा जोर-बैठकांसारखा व्यायाम करतो, त्याने १.६ ग्रॅमपर्यंत जायला हरकत नाही. वाक्य छोटे आहे, परंतु त्यातील ‘किलो’ आणि ‘ग्रॅम’ या दोन्ही शब्दांनी अनेकांची फसगत होते, आणि १.२ हा आकडा सरकारी शिफारशीपेक्षा जास्त का, हा प्रश्नही उरतोच. त्याचे उत्तर आधी पाहू.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी जी प्रमाणे ठरवली, त्यांत प्रौढांसाठी दर किलोमागे ०.८३ ग्रॅम हा आकडा आहे. म्हणजे ६५ किलोच्या पुरुषाला सुमारे ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम. ही प्रथिने चांगल्या प्रतीची असावीत हे त्यात गृहीत आहे. ज्यांचे जेवण मुख्यतः धान्यावर चालते आणि दूध-अंडी-मासे बेताचेच असतात, त्यांच्यासाठी तोच आकडा दर किलोमागे १ ग्रॅम धरला जातो. त्यात आणखीही एक गोष्ट गृहीत आहे आणि आपल्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे: माणूस पोटभर खातो आहे, म्हणजेच त्याला लागणारी ऊर्जा अन्नातून पूर्ण मिळते आहे. वजन उतरवणारा माणूस व्याख्येनेच तसे करत नसतो. ऊर्जा कमी पडली की शरीर साठवलेली चरबी जाळते हे खरे, पण ते केवळ चरबीच जाळत नाही. खाल्लेल्या प्रथिनांचा काही भाग आणि स्नायूंमधील काही प्रथिनेही इंधनासाठी वापरली जातात. स्नायू हे शरीराच्या बँकेतले असे खाते आहे की त्यात रोज भरणाही होतो आणि रोज उचलही होते. उपासमारीच्या दिवसांत उचल वाढते, आणि ती भरून काढायची तर भरणाही वाढवावा लागतो. म्हणूनच जेवण जितके कमी, तितकी त्या जेवणातील प्रथिनांची गरज जास्त, असा थोडा उलटा वाटणारा हिशेब इथे लागू होतो.

स्नायू टिकवण्याची ही काळजी शरीर कमावणाऱ्यांनाच असावी असे नाही. आपल्या लोकांना ती इतरांपेक्षा अधिक असायला हवी, आणि त्याचा एक ठळक पुरावा पुण्यातून आलेला आहे. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, तो तंतोतंत सारखा, २२.३ होता. मात्र शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. तेवढ्याच उंची-वजनात भारतीय शरीर अधिक चरबी आणि कमी स्नायू बाळगते, ही गोष्ट इतक्या सोप्या रीतीने क्वचितच कोणी दाखवली असेल. भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा २५ ऐवजी २३ वर आणि लठ्ठपणाची ३० ऐवजी २५ वर ओढली जाते, त्यामागेही हेच कारण आहे. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा सर्वांत मोठा ग्राहक स्नायू असतो. ज्यांच्याकडे मुळातच तो कमी आहे, त्यांनी वजन उतरवताना तोही गमावला, तर काट्यावरचा आकडा सुधारतो, पण ज्या मधुमेहाच्या भीतीने एवढा खटाटोप केला त्याविरुद्धचे बळ मात्र अपेक्षेएवढे वाढत नाही.

आता ‘किलो’ कुठला, ते पाहू. चरबीला प्रथिनांची फारशी गरज नसते, त्यामुळे ९५ किलोच्या माणसाने ९५ ला १.२ ने गुणून ११४ ग्रॅमचे ओझे डोक्यावर घेण्याचे कारण नाही. गुणाकार आजच्या वजनाने न करता उंचीला शोभणाऱ्या वजनाने करावा, आणि त्यासाठी सेंटिमीटरमधील उंचीतून १०० वजा करणे हा जुना ढोबळ हिशेब बहुतेकांना पुरतो. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ७२ किलो असलेल्या स्त्रीने ६० किलो धरावेत. ६० गुणिले १.२ म्हणजे ७२ ग्रॅम, हा तिचा रोजचा आकडा. या पद्धतीचा आणखी एक फायदा असा की आकडा उंचीवरून निघालेला असल्यामुळे वजन उतरत गेले तरी तो बदलत नाही. भात, पोळी, तेल, साखर यांचे प्रमाण गरजेप्रमाणे कमी-जास्त करावे. ७२ ग्रॅमला हात लावू नये.

दुसरी फसगत ‘ग्रॅम’ या शब्दाची. ७२ ग्रॅम प्रथिने म्हणजे ७२ ग्रॅम डाळ नव्हे. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, मुगाच्या आणि मसुरीच्या डाळीत २४ च्या आसपास. शिजवताना तिच्यात तिप्पट-चौपट पाणी जाते, म्हणून वाटीभर वरणातली प्रथिने मोजायची तर वाटी पाहून उपयोग नाही. त्या वाटीत कोरडी डाळ किती गेली ते पाहावे लागते. घरच्या घट्ट वरणाच्या वाटीत ती ३० ग्रॅम असली तर साडेसहा ग्रॅम प्रथिने मिळतात; ज्या पातळ वरणात डाळ शोधावी लागते, त्याच्या वाटीत दोन-तीन ग्रॅमही नसतात. दोन्हींना आपण वरणच म्हणतो. स्वयंपाकघरात छोटा डिजिटल काटा आणून एक आठवडाभर कोरडी डाळ, पीठ आणि कडधान्य मोजले, तर पुढे आयुष्यभर अंदाज चुकत नाही. रोज मोजत बसण्याची गरज मुळीच नाही.

वर उल्लेख केलेल्या स्त्रीचे वजन उतरवण्याआधीचे जेवण असे धरू: दोन वेळच्या चहातील दुधातून ३ ग्रॅम, दाणे घातलेल्या पोह्यांतून ६, तीन पोळ्यांतून ९, वरणातून ४, भातातून ३, दोन वेळच्या भाज्यांतून ४, दीड भाकरीतून ७, पिठल्यातून ५ आणि बिस्किटांतून जेमतेम १. बेरीज होते ४२ ग्रॅम. तिने ‘डाएट’ सुरू केले की चहाचे ३, पपईचा १, दोन पोळ्यांचे ६, भाजीचे २, वाटीभर दह्याचे ३ आणि रात्रीच्या सूप-काकडीचे ३, मिळून १८ ग्रॅम उरतात. कॅलरी निम्म्यावर आल्या, प्रथिने मात्र निम्म्याच्याही खाली गेली. केस गळणे, दुपारी चारच्या सुमारास हातपाय गळून जाणे आणि रात्री अकराला फरसाणाचा डबा उघडणे, या तक्रारी अशा जेवणावर असणाऱ्यांकडून वरचेवर ऐकू येतात. त्यांतल्या प्रत्येक गोष्टीचे खापर प्रथिनांवर फोडणे योग्य नाही, पण भुकेच्या बाबतीत तरी दोष बऱ्याच अंशी त्यांच्या कमतरतेचाच असतो. प्रथिने पोटात गेली की तृप्तीची सूचना मेंदूपर्यंत नेणारी आतड्यांतील संप्रेरके अधिक स्रवतात, आणि तेवढ्याच कॅलरीच्या साखर-पिठापेक्षा भूक उशिरा लागते.

याउलट प्रथिनांचा जो दुसरा गुण जाहिरातींमधून मिरवला जातो, तो खरा असला तरी किरकोळ आहे. प्रथिने पचवण्यासाठी आणि वापरण्यासाठी त्यांतील २० ते ३० टक्के ऊर्जा खर्च होते, पिष्टमय पदार्थांच्या बाबतीत ५ ते १० टक्के आणि स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत फार तर ३ टक्के. ऐकायला हे भारी वाटते. परंतु ४२ ग्रॅमवरून ७२ ग्रॅमवर गेल्याने वाढलेल्या १२० कॅलरींवर जादा खर्च होतो तो २०-२५ कॅलरींचा, म्हणजे पाव पोळीचा. प्रथिने खाल्ल्याने चरबी वितळते, असे म्हणणाऱ्याला हा हिशेब ऐकवावा.

अडचण खरी सुरू होते ती इथून पुढे, आणि शाकाहारी ताटात ती जास्त जाणवते. दाण्यांमध्ये प्रथिने भरपूर असतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि ते खोटे नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे तूरडाळीहून थोडी जास्तच. पण त्याबरोबर पावणेसहाशेच्या घरात कॅलरीही येतात. पोटभर खायची मुभा असलेल्याला याचे काही वाटू नये. ज्याला दिवसाच्या दीड हजार कॅलरींत सगळे बसवायचे आहे, त्याने मात्र पदार्थातील प्रथिने १०० ग्रॅममागे न मोजता १०० कॅलरीमागे मोजावीत. या एका बदलाने पदार्थांचा क्रमच पालटतो. साबुदाणा जवळजवळ शून्यावर राहतो. तांदूळ १०० कॅलरीमागे २ ग्रॅमच्या थोडा वर, ज्वारी आणि गहू ३ च्या आसपास, बदाम साडेतीन, शेंगदाणे ४ च्या थोडे वर. साईसकट दुधाचे दही ५ वर येते. डाळी, कडधान्ये आणि पनीर हे तिघे साडेसहा-सातच्या पट्ट्यात एकमेकांशेजारी बसतात, ही गोष्ट पनीरला प्रथिनांचा राजा मानणाऱ्यांना खटकेल, परंतु पनीरमधील निम्म्याहून अधिक कॅलरी स्निग्धांशातून येतात, त्याला इलाज नाही. अंडे ८ ते ९. साय काढलेल्या दुधाचे दही आणि त्याचा टांगून केलेला चक्का १० च्या पुढे. सोयाबीनच्या वड्या १५. कोंबडीचे त्वचाविरहित छातीचे मांस, कोळंबी आणि अंड्यातील पांढरा भाग २० च्या आसपास.

याचा अर्थ १० च्या खालचे सगळे टाकून द्यावे असा नाही, कारण तसे केले तर डाळही टाकावी लागेल. अर्थ असा की ७२ ग्रॅम केवळ डाळ-पोळीतून काढायला गेले तर कॅलरींचे गणित बसत नाही. दिवसातून दोनदा तरी १० च्या वरचा एखादा पदार्थ ताटात असला पाहिजे. कोकणातील किंवा गोव्यातील मासे खाणाऱ्या घराला हे जड जात नाही, मात्र मासा रव्यात घोळून तेलात परतला की तो आपल्या रांगेतून बराच खाली सरकतो. शाकाहारी घरात हे काम दोन पदार्थ करू शकतात, साय काढलेले दूध-दही आणि सोयाबीन. सोयाबीनचे एक नवलच आहे. लातूरसह मराठवाडा-विदर्भातील शेते त्याने भरलेली असतात, ते तेलाच्या गिरणीत जाते, तेल काढून उरलेल्या पेंडीचा मोठा हिस्सा कोंबड्यांच्या खाद्यात जातो, आणि पिकवणाऱ्याच्या ताटात मात्र ते क्वचितच दिसते. तेल काढलेल्या सोयापिठापासूनच वड्या बनतात, म्हणून १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत ५२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असूनही स्निग्धांश नगण्य असतो. त्यांचा उग्र वास अनेकांना नकोसा वाटतो. गरम पाण्यात भिजवून, दोनदा घट्ट पिळून, मग काळ्या मसाल्याच्या रश्श्यात टाकल्या तर तो बराच कमी होतो.

त्याच स्त्रीचे ताट आता पुन्हा मांडू. सकाळी ५० ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटून केलेली धिरडी आणि साय काढलेल्या दुधाचे वाटीभर दही, मिळून १७ ग्रॅम. दुपारी दोन लहान पोळ्या, ५० ग्रॅम कोरड्या मटकीला मोड आणून केलेली उसळ, भाजी आणि ताक, मिळून २०. संध्याकाळी मूठभर फुटाणे आणि दिवसभराच्या चहाचे दूध, मिळून ९. रात्री एक भाकरी, भाजी आणि ३० ग्रॅम सोयावड्यांचा रस्सा, मिळून २२. झोपण्यापूर्वी कपभर सायविरहित दूध, ६. बेरीज ७४ ग्रॅम, आणि तेल मोजून वापरले तर कॅलरी दीड हजाराच्या आसपास. यात डब्यातली पावडर नाही, परदेशी बिया नाहीत, आणि एकही पदार्थ असा नाही की जो करायला शिकावा लागेल. भात हवाच असेल तर एक पोळी कमी करून मूदभर घ्यावा. वरण मात्र भाताच्या मापाने न घेता स्वतःच्या मापाने घ्यावे.

डाळीतील प्रथिने ‘अपूर्ण’ असतात, हा आक्षेप शाकाहाऱ्यांना नेहमी ऐकवला जातो, त्याचा निकाल थोडक्यात लावता येतो. प्रथिने ही अमिनो आम्लांची साखळी असते. धान्यात लायसीन हे आम्ल कमी असते आणि डाळीत मिथिओनीन कमी असते. डाळ-धान्य दोन्ही खाल्ले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. ही जोडी एकाच घासात असण्याची गरज नाही, एकाच दिवसात असली तरी पुरते.

डब्यातली पावडर घ्यावी का, हा प्रश्न त्याहून जास्त विचारला जातो. व्हे पावडर हे औषधही नव्हे आणि विषही नव्हे; चीज करताना उरणाऱ्या पाण्यातील प्रथिने वाळवून केलेले ते दुधाचेच एक रूप आहे, आणि डब्यासोबत येणाऱ्या मापाच्या एका मोठ्या चमच्यातून साधारण २४ ग्रॅम प्रथिने सव्वाशे कॅलरींत मिळतात. ज्याला जेवणातून आकडा गाठता येत नाही, त्याने सोय म्हणून ती घ्यावी. ज्याला गाठता येतो, त्याने पैसे वाचवावेत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेचा कलही शरीर कमावण्यासाठी अशी पूरके टाळण्याकडे आहे. ‘प्रोटीन’ असे मोठ्या अक्षरांत छापलेली बिस्किटे आणि चिवडे मात्र पाठीमागच्या तक्त्यावरून पारखावेत: १०० कॅलरीमागे १० ग्रॅमही प्रथिने नसतील, तर ते बिस्कीटच आहे.

जास्त खाल्ले तर जास्त फायदा होतो का? कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यासाठी वारंवार पुढे केला जातो. चाळीस जादा वजनाच्या तरुणांच्या कॅलरी चार आठवड्यांसाठी ४० टक्क्यांनी कमी करून त्यांच्याकडून आठवड्यातले सहा दिवस कडक व्यायाम करून घेतला गेला. निम्म्यांना दर किलोमागे १.२ ग्रॅम आणि निम्म्यांना २.४ ग्रॅम प्रथिने दिली. जास्त प्रथिने घेणाऱ्यांची चरबी ४.८ किलोने उतरली आणि चरबीविरहित वजन १.२ किलोने वाढले. कमी घेणाऱ्यांची चरबी ३.५ किलोने उतरली. हे सांगून लोक थांबतात. त्या दुसऱ्या गटाचे चरबीविरहित वजन इतक्या तुटपुंज्या खाण्यावरही घटले नाही, किंचित वाढलेच, हा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. १.२ ग्रॅम प्रथिने आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम एवढ्यावर स्नायू टिकले. व्यायामाशिवाय नुसत्या प्रथिनांकडून ही अपेक्षा ठेवता येत नाही, आणि सकाळचे चालणे कितीही चांगले असले तरी ते या कामाला पुरत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, भिंतीला किंवा जमिनीला हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, असे काहीतरी लागते. साठीनंतर तर हे अधिकच खरे आहे, कारण वयानुसार स्नायू आपोआप झिजत असतात आणि त्या वयात वजन न उतरवणाऱ्यांनाही दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम घेण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात.

इथवरचा सगळा हिशेब निरोगी मूत्रपिंडांसाठी आहे. प्रथिनांमधील नायट्रोजन युरियाच्या रूपाने बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे करतात. ती धडधाकट असतील तर वर सांगितलेल्या प्रमाणाने त्यांचे नुकसान होते असा पुरावा नाही. मात्र ज्यांची कार्यक्षमता आधीच घटलेली आहे, त्यांना दर किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅमवर थांबायला सांगितले जाते, आणि डायलिसिसवर असणाऱ्यांना उलट जास्त लागते. मधुमेह किंवा रक्तदाब बरीच वर्षे असेल तर रक्तातील क्रिएटिनीन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून, डॉक्टरांना दाखवून मगच आकडा ठरवावा; मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना पोळी-भात एकदम कमी केल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते, तेही त्यांच्याशी बोलूनच करावे. गरोदर स्त्रियांनी वजन उतरवण्याच्या फंदात पडू नये. बाकीच्यांना होणारा त्रास बहुधा पोटाचा असतो: कडधान्ये एकदम वाढवली की वात धरतो. ती आठवड्या-आठवड्याने वाढवावीत, भिजवलेले पाणी फेकून द्यावे, आणि भाज्या व पाणी कमी पडू देऊ नये, नाहीतर बद्धकोष्ठ होते.

उपवासाच्या दिवशी हा सगळा बेत कोलमडतो, कारण डाळी, कडधान्ये, अंडी आणि मासे एकदमच बाद होतात आणि त्यांची जागा साबुदाणा, बटाटा आणि दाण्याचे कूट घेतात; एकादशी आणि दुप्पट खाशी, असे आपली म्हणच सांगते. ज्यांचे आठवड्याचे दोन-दोन वार असतात, त्यांनी त्या दिवशी साय काढलेले दूध, चक्का आणि ताक यांवर भर द्यावा आणि साबुदाण्याऐवजी १०० ग्रॅममागे १३-१४ ग्रॅम प्रथिने देणाऱ्या राजगिऱ्याचे थालीपीठ करावे. ७२ चा आकडा गाठला नाही तरी पन्नाशी ओलांडता येते. वजन हवे तेवढे उतरले, की मग दर किलोमागे १ ग्रॅमवर यायला हरकत नाही. तोवर कॅलरींची मुभा थोडी वाढलेली असते आणि सोयावड्यांच्या जागी भात परत येऊ शकतो.